डिमेन्शियाच्या घरात मदत कशी जमवाल?

घरात कुणाला डिमेन्शिया असल्याचं निदान झालं की नातेवाईक ओळखीपाळखीत फोन करू लागतात, आणि बहुतेक फोनांत एकच प्रश्न असतो: "एखादी चांगली बाई मिळेल का हो?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो बराच पुढचा आहे. निदान होतं तेव्हा सासरे स्वतःच्या हाताने जेवत असतात, फिरून येतात, पेपर चाळतात. त्यांना बाई नको असते, आलेली खपतही नाही. मदत हवी असते ती सुनेला, बायकोला, मुलाला. पण आपल्याला नेमकं काय हवंय हे त्यांनाच तेव्हा सांगता येत नाही. मग दोन-तीन वर्षं सगळं रेटलं जातं. रात्रीची झोप जाते, कंबर धरते, कुणाची नोकरी सुटते, आणि नाकातोंडात पाणी जायला लागल्यावर घाईघाईत बाईचा शोध सुरू होतो.

हा लेख त्या दोन-तीन वर्षांसाठी आहे. डिमेन्शियाचं घर चालवायला लागणारी मदत आपल्याकडे एका खिडकीवर तयार मिळत नाही. थोडी सरकारकडून, थोडी संस्थांकडून, थोडी पैसे मोजून आणि बरीचशी गल्लीतून व नात्यातून, अशी ती जमवावी लागते. जमवायला अंगात त्राण असतं ते सुरुवातीलाच. साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत निघाला. त्यांतले बहुतेक सगळे घरीच असतात. म्हणजे जवळपास तितक्याच घरांत कुणीतरी एक जण हे रेटत असतं.

गोव्यात काय केलं

मदत म्हणजे नेमकं काय, याचं मला माहीत असलेलं सर्वांत स्वच्छ उत्तर गोव्यातून आलं. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबं घेतली. ४१ घरांना लगेच मदत सुरू केली आणि तुलना करता यावी म्हणून ४० घरांना सहा महिने थांबवलं. घरी जाणारी माणसं डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. बारावी झालेली, तिथली भाषा बोलणारी, या कामाची ओढ असलेली साधी माणसं होती ती. त्यांना आठवडाभर कसून शिकवलं, पाठीशी समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ ठेवले, आणि पंधरवड्यातून किमान एकदा तरी त्यांनी प्रत्येक घरी जायचं असं ठरवून दिलं.

निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य चांगलंच सुधारलं होतं आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा मनस्ताप कमी झाला होता. रुग्णाच्या वागण्यात आणि त्याला जमणाऱ्या कामांत मात्र ठामपणे सांगावा असा फरक दिसला नाही.

मला यातला हा शेवटचा भागच मोलाचा वाटतो. त्या घरांतल्या आजी तोच तो प्रश्न पूर्वीसारखाच विचारत राहिल्या असणार. तो ऐकणारी सून मात्र पूर्वीइतकी खचत नव्हती. आपल्याकडे घरचे लोक सगळा जोर रुग्ण सुधारावा यावर लावतात: बदाम, ब्राह्मी, कोडी, महागड्या गोळ्या. आजार बव्हंशी आपल्या गतीने जातो. बदलता येते ती घराची अवस्था.

आता ही माणसं घरी जाऊन करायची काय? आजार काय आहे हे सोप्या शब्दांत सांगायची. आंघोळ, कपडे, जेवण, शी-शू यांत मदत कशी करावी ते दाखवायची. वागणं हाताबाहेर गेलं तर मनोविकारतज्ज्ञाशी गाठ घालून द्यायची. आसपासच्या अशाच घरांची एकमेकांशी ओळख करून द्यायची. ज्येष्ठांच्या सरकारी योजना सांगायची. आणि सांभाळणाऱ्या बाईचं म्हणणं निवांत ऐकून घ्यायची. तुमच्या गावात अशी माणसं येणार नाहीत हे उघड आहे. पण ही कामं वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करता येतात.

डॉक्टरशी दुवा

निदान न्यूरॉलॉजिस्टने किंवा मनोविकारतज्ज्ञाने केलेलं असावं आणि त्याआधी थायरॉइड, बी-१२, नैराश्य, पडल्यामुळे मेंदूत साकळलेलं रक्त, चालू असलेल्या गोळ्यांचे परिणाम ही कारणं तपासलेली असावीत, कारण यांतली काही बरी होतात. "वय झालं, चालायचंच" हे ऐकून घरी परतू नका. खासगी खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग किंवा जवळचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय गाठा. तिथे मेमरी क्लिनिक कोणत्या वारी असतं ते विचारा. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं बाह्यरुग्णही तपासतात. नुसत्या नावाने दचकू नका. रात्री-अपरात्री धीर सुटला तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास कुणीतरी बोलायला असतं, आणि तो सांभाळणाऱ्यांसाठीही आहे.

एक गोष्ट मात्र दारावर लिहून ठेवावी अशी आहे. डिमेन्शिया हळूहळू वाढतो. काल बरं असलेलं माणूस आज एकाएकी बरळायला लागलं, पेंगायला लागलं, कुणी नसताना कुणाशी तरी बोलायला लागलं तर "आजार वाढला" म्हणून बसू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, नवी सुरू झालेली गोळी, यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता मोठी असते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि शेजारच्या काकूंना लागू पडलेली झोपेची गोळी आपणहून देऊ नका.

घरातल्यांची बैठक

आपल्याकडे बहुतेक घरांत सांभाळण्याचं काम ठरवून कुणाकडे जात नाही. ते जिच्या स्वयंपाकघरात रुग्ण राहतो तिच्याकडे आपोआप जातं. धाकटा मुलगा आईजवळ राहतो म्हणून धाकट्या सुनेकडे, किंवा लग्न न झालेल्या मुलीकडे. बाकीचे रविवारी येतात, सोबत फळं आणतात, "आई किती वाळली" म्हणतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. हे कुणी दुष्टपणाने करतं असं नाही. त्यांना करायला काही दिलेलंच नसतं. "काही लागलं तर सांग" या वाक्याला "नाही रे, चाललंय" हेच उत्तर येतं.

तर निदानानंतरच्या महिन्याभरात सगळ्या भावंडांना एकत्र बसवा. लांबचे व्हिडिओ कॉलवर येऊ देत. कामांची नावं घेऊन वाटणी करा. अमेरिकेतला भाऊ आंघोळ घालू शकत नाही, पण औषधं ऑनलाइन मागवणं, वीजबिलं, विम्याचा पाठपुरावा, सांभाळायला ठेवलेल्या बाईचा पगार दर महिन्याच्या एक तारखेला टाकणं ही कामं तो तिथून करू शकतो. मुख्य म्हणजे त्याने वर्षातून एकदा यायचं ते पाहुणा म्हणून नाही. तो आला की त्या तीन आठवड्यांत वहिनीने माहेरी जायचं आणि आईकडे त्याने बघायचं, हे तिकीट काढण्याआधीच ठरलेलं असावं. पुण्यातल्या बहिणीने महिन्यातला एक शनिवार-रविवार घ्यावा. ज्याला काहीच जमत नाही त्याने निदान रोज सहा वाजता आईला फोन करून पंधरा मिनिटं जुन्या गप्पा माराव्यात; तेवढ्यात घरात कणीक मळून होते.

आणि जी बघते तिच्या कामावर लांबून टिप्पणी करण्याचा हक्क कुणालाही नाही, हेही बैठकीत मोकळेपणाने सांगून टाकावं. कुणी थोरल्या माणसाने सांगितलं तर बरं, सुनेने सांगितलं की त्याचं भांडण होतं.

मावशी, मामा आणि ब्युरो

आता बाईकडे येऊ. शहरांत पेशंटजवळ राहायला मावशी किंवा मामा ब्युरोमार्फत मिळतात. बारा तासांचे, नाहीतर राहून चोवीस तासांचे. अलीकडे शिकवून तयार केलेले केअरटेकर देणाऱ्या कंपन्याही आहेत. त्यांचे दर चढे असतात, पण सुट्टीच्या दिवशी बदली माणूस मिळण्याची शक्यता जास्त. ब्युरोशी बोलताना तोंडी काही ठेवू नका: कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, बदली माणूस कोण पाठवणार, जेवण कुणाचं, पेशंटचे कपडे धुणं कामात धरलंय का, ब्युरोचं कमिशन वेगळं की पगारातून. आधारची प्रत घ्या आणि पोलीस पडताळणी करून घ्या. घरातले दागिने आणि बँकेची पुस्तकं आधीच हलवा. मावशींवर संशय म्हणून नव्हे. डिमेन्शियाचा रुग्ण "माझ्या पाटल्या हिने घेतल्या" असा आळ अनेकदा घेतो, आणि त्या वेळी पाटल्या लॉकरमध्ये आहेत हे सगळ्यांना ठाऊक असलेलं बरं.

नर्स आणि मावशी यांच्यात गल्लत करू नका. नाकातली नळी, लघवीची नळी, बेडसोरचं ड्रेसिंग, इंजेक्शन ही नर्सची कामं. त्यासाठी दिवसातून एकदा येऊन जाणारी नर्स पुरते. भरवणं, आंघोळ, फिरवणं, सोबत हे मावशींचं. बारा तास नर्स ठेवून पैसे संपवणारी घरं असतात, आणि मावशींकडून नळी बदलून घेणारीही. दुसरं तर धोक्याचंच.

चोवीस तास परवडत नसेल, आणि ते फार थोड्यांना परवडतं, तर दिवसातले दोन-तीनच तास विकत घ्या, पण ते विचार करून निवडा. बहुतेक जण सकाळची बाई ठेवतात कारण सकाळी घाई असते. डिमेन्शियाच्या घरात मात्र सर्वांत कठीण वेळ अनेकदा दिवेलागणीची असते. उजेड कमी झाला की घालमेल सुरू होते. स्वतःच्याच घरात उभं राहून आजारी अण्णा म्हणतात, "मला घरी जायचंय." पिशवी घेतात, दाराची कडी चाचपतात. त्याच वेळी मुलं शाळा-क्लासहून आलेली असतात आणि गॅसवर कुकर असतो. पाच ते आठ या वेळात एखादी मावशी किंवा गल्लीतला कॉलेजचा मुलगा सोबत राहिला तर घराचा जीव वाचतो. सोबत करणाऱ्याला एवढंच शिकवावं लागतं की "हेच तुमचं घर" म्हणून हुज्जत घालायची नाही. अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावायचे. "चला, चहा घेऊन निघू" म्हणायचं, चहा द्यायचा, हवं तर सोसायटीला एक फेरी मारून परत आणायचं.

नवीन माणूस आला की त्याच्या हातात एक कागद द्या. "नीट सांभाळा" यापलीकडे काही न सांगता लोक ऑफिसला निघून जातात आणि चौथ्या दिवशी मावशी सोडून जातात. कागद असा हवा:

"अण्णा म्हणा, आजोबा नको. आंघोळ सकाळी नाही, अकराला, आधी चहा. पाणी पायांवर आधी, डोक्यावर एकदम ओतलं की मारायला उठतात. आरशाला टॉवेल लावून ठेवा, आत कुणी उभं आहे असं वाटतं. शर्ट पुढून बटणांचाच. ताटात एका वेळी एकच पदार्थ. सगळं वाढलं की काहीच खात नाहीत. पाणी मागत नाहीत, दर तासाला अर्धा पेला द्या. 'बँकेत जायला उशीर झाला' म्हणाले तर रिटायर झालात असं सांगू नका. टेबलावरची निळी फाइल द्या, तासभर कागद लावत बसतात. दोनला बाथरूमला न्या, सांगत नाहीत. कवळी रात्री काढून वाटीत."

असा कागद तयार करायला एक संध्याकाळ लागते. पुढे माणसं बदलली तरी तोच कागद चालतो. पहिला आठवडा घरातलं कुणीतरी सोबत राहा, आंघोळीला तर नक्कीच.

आणखी एक. आजार वाढत गेला की नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी जाते आणि लहानपणची उरते. आयुष्यभर पुण्यात शुद्ध मराठी बोललेल्या आजी अहिराणीत किंवा मालवणीत बोलू लागतात आणि नातवंडांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. तिकडची मावशी मिळाली तर शिक्षण कमी असलं तरी घ्या.

बाहेर जायची जागा

डिमेन्शियाच्या रुग्णांना दिवसभर सांभाळणारी डे-केअर केंद्रं आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तीही मुख्यतः मुंबई-पुण्यात. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनने अशी केंद्रं चालवली आहेत. १९९२ साली केरळात सुरू झालेली अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही या क्षेत्रातली जुनी संस्था; तिच्या शाखा मुंबई-पुण्यात आहेत आणि गोव्यात डिमेन्शिया सोसायटी आहे. तुमच्या भागात सध्या काय चालू आहे हे विचारायला या संस्था, किंवा १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन बरी. ती सकाळी आठ ते रात्री आठ चालते, मराठीत बोलतात आणि पैसे लागत नाहीत.

केंद्र मिळालं तर लवकर पाठवायला लागा, माणूस अजून चारचौघांत रमतो आहे तोवर. आठवड्यातले दोन दिवस पुरे. पहिले पंधरा दिवस कुरकुर होते. शाळेला नवीन घातलेल्या मुलासारखी समजूत काढावी लागते आणि तेवढ्यावरून सोडून देऊ नये. विचारायचं ते असं: नेण्या-आणण्याची गाडी आहे का, कपडे खराब झाले तर कोण बदलतं, दुपारचं जेवण भरवतात का.

केंद्र नसेल तर? पालिकेचं विरंगुळा केंद्र, ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, देवळाचा पार. महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघ गावोगाव आहेत. डिमेन्शियासाठी त्यांत वेगळं काही नसतं, पण सुरुवातीच्या टप्प्यातल्या माणसाला तास-दोन तास तिथे बसता येतं, जर संघातल्या दोघा-तिघांना आधी सांगितलेलं असेल तर. हा "जर" मोठा आहे. आपण लपवतो. मुलीचं लग्न व्हायचंय, लोक वेडं म्हणतील, अण्णांचा गावात मान आहे. लपवल्याने होतं इतकंच, की अण्णा वाण्याकडून दिवसातून तिसऱ्यांदा साखर घेऊन जातात आणि वाणी गप्प बसतो.

सांगायची यादी करा: सोसायटीचा वॉचमन, वाणी, मेडिकलवाला, कोपऱ्यावरचे रिक्षावाले, देवळातले गुरव, सलूनवाला, गावात असाल तर आशाताई आणि एसटी स्टँडवरचा कँटीनवाला. "यांना विसरायचा आजार आहे, एकटे दिसले तर बसवून ठेवा, चहा द्या, या नंबरवर फोन करा." बस, एवढंच. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' पाहिलेल्यांना आठवेल: मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृतचे पंडित गाडीतून उतरून एका हत्तीच्या मागे चालू लागतात. खऱ्या घरांत हत्ती नसतो. ऑफिसची जुनी बस असते, पूर्वीचं भाड्याचं घर असतं, गावाकडची गाडी असते. म्हणून हरवलं माणूस तर आधी जुन्या पत्त्यांकडे पाहा. गळ्यात किंवा मनगटाला फोन नंबर असलेलं काहीतरी हवं, शर्टाच्या कॉलरला आतून नंबर शिवून ठेवलात तर उत्तम. अलीकडचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. सापडत नाही म्हटल्यावर रात्रीपर्यंत वाट न बघता ११२ वर कळवा.

अशाच दुसऱ्या घरांशी ओळख होणं हे मात्र माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित औषध. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांनी मिळून चालवून दाखवलं आहे. डिमेन्शियासाठी तुमच्या गावात काही नसेल तर न्यूरॉलॉजिस्टच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसलेल्या बाईशी बोला, फोन नंबर घ्या. चार घरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एवढ्याने सुरू होतो. त्यात सुप्रभातचे फोटो नकोत, "आज कमोडवर बसायलाच तयार नाही, काय करू?" असे मेसेज हवेत.

वस्तू

यावर फार पैसे घालवू नका. व्हीलचेअर, कमोड खुर्ची, वॉकर, पाण्याची गादी, वर-खाली होणारा पलंग हे सगळं महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांतून अनामत ठेवून नाममात्र भाड्याने मिळतं. जनकल्याण समिती, गणेश मंडळं, काही देवस्थानं, ज्ञातिसंस्था ही केंद्रं चालवतात. विकत घ्यायचं ते एवढंच: बाथरूममध्ये पकडायला दांडे, न घसरणारी चटई, रात्रभर जळणारा छोटा दिवा, दाराला वर, नजरेच्या टप्प्याबाहेर एक कडी. आणि गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद.

कागदपत्रं, तीही लवकर

इथे घाई हवी. लोक मुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. पण देणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही की भारतीय करार कायद्यानुसार ते संपतं. म्हणजे नेमकं लागतं तेव्हाच कामाचं राहत नाही. माणसाला कळतंय तोवर बँक खाती संयुक्त आणि "दोघांपैकी कुणीही" अशी करून घ्या, सगळीकडे नामनिर्देशन तपासा, मृत्युपत्र करायचं असेल तर त्याच दिवशीच्या डॉक्टरी दाखल्यासह नोंदवून टाका. वेळ गेल्यावर घर विकायचं म्हटलं तर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि त्यात महिने जातात.

सत्तरीपुढच्यांना बँकेने मूलभूत सेवा घरपोच द्याव्यात असं रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच सांगितलं आहे. शाखेत लेखी अर्ज करा. पेन्शनरचा हयातीचा दाखला पोस्टमनकडून घरी किंवा मोबाइलवर चेहरा दाखवून होतो. आजार वाढल्यावर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. डिमेन्शिया मानसिक आजारांच्या मोजपट्टीवर मोजला जातो. नाव यादीत वेगळं दिसत नाही म्हणून खिडकीवरचा माणूस "बसत नाही" म्हणतो, तेव्हा परत न फिरता मनोविकार विभागाची चिठ्ठी घेऊन या. जुन्या करप्रणालीत असाल तर ज्येष्ठ रुग्णाच्या उपचारखर्चावर एक लाख रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते. मेंदूच्या आजारांच्या यादीत डिमेन्शिया आहे, फक्त अपंगत्व किमान ४० टक्के असल्याचा तज्ज्ञाचा दाखला लागतो. कलमांचे आकडे बदलत राहतात, तेव्हा सीएला विचारा.

हातावर पोट असलेल्या घरांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना महिना १,५०० रुपये देते, ६५ वर्षांपुढच्यांना, उत्पन्नाच्या कडक अटीवर. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत साहित्यासाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. सत्तरीपुढच्या सर्वांना लागू झालेलं आयुष्मान कार्ड काढून ठेवा, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचं; मावशींच्या पगाराला ना ते कामाला येतं ना बहुतेक खासगी विमे. दीर्घ आजारात घरचा खर्चच खरा खर्च असतो आणि आपल्या योजनांना तो दिसत नाही, ही तक्रार इथे नोंदवून पुढे जातो.

सांभाळणाऱ्याचं काय

हात उगारावासा वाटणं, "सुटतील एकदाचे" असं मनात येणं, आंघोळीच्या वेळी ओरडणं हे तुमच्या एकटीच्याच घरात होत नाही. पण ते रोज होऊ लागलं, रात्री जाग येऊन छाती धडधडू लागली, स्वतःच्या बीपीच्या गोळ्या राहू लागल्या, की मदत वाढवायची वेळ झाली असं समजा. आठवड्यातले तीन तास पूर्णपणे तुमचे हवेत, आणि त्यात दळण-भाजी धरायची नाही.

काही वृद्धनिवास आणि डिमेन्शियाची केंद्रं रुग्णाला पंधरा दिवस-महिनाभर ठेवून घेतात. लग्नकार्य, तुमचं ऑपरेशन, किंवा नुसती झोप भरून काढायला ही सोय वापरा. कायमचं ठेवायची वेळ आली तरी ठिकाण आधी अशा थोड्या दिवसांसाठी पारखलेलं असावं. बघायला जाताना फोन न करता, दुपारी चारच्या सुमारास जा. वास कसा येतो, कुणाला खुर्चीला बांधून ठेवलंय का, सगळेच गुंगीत आहेत का, रात्री किती जणांमागे किती माणसं असतात, घरच्यांना कधीही येऊ देतात का, हे पाहा. माहितीपत्रकातला बगीचा पाहू नका. आणि आईला "तिकडे टाकलं" म्हणणाऱ्यांना एक रात्र तिच्या खोलीत झोपायला बोलवा. बोलणं थांबतं.

शेवटच्या टप्प्यात गिळणं बंद होऊ लागतं, आणि मग नळी घालायची का, आयसीयूत न्यायचं का, हे प्रश्न एखाद्या रात्री दोन वाजता समोर उभे राहतात. घरी येणारे फॅमिली डॉक्टर असतील तर त्यांच्याशी, किंवा जवळच्या पॅलिएटिव्ह केअर (त्रास कमी करणारी शुश्रूषा) पथकाशी, हे दिवसाउजेडी आणि भावंडांच्या समोर बोलून ठेवा, आणि ठरलं ते कागदावर लिहा.

एक काम या आठवड्यातच उरकता येईल. उद्या तुम्हीच पाय मोडून दवाखान्यात पडलात तर घरी काय होईल? एका जाड वहीत औषधं आणि वेळा, डॉक्टरांचे नंबर, मावशींचा आणि ब्युरोचा नंबर, आयुष्मान आणि विम्याच्या कार्डांच्या प्रती, वर सांगितलेला तो कागद, आणि चोवीस तासांत पोहोचू शकेल अशा नातेवाइकाचं नाव. वहीचे फोटो त्या नातेवाइकाला पाठवा. घराची एक किल्ली समोरच्यांकडे ठेवा, आणि वही कुठे आहे ते त्यांना आत्ताच सांगून या.